मुंबई बेटावरील विदेशी शोभिवंत वनस्पती

मुंबई बेटावरील विदेशी शोभिवंत वनस्पती : फुले, पाने, खोडाचा घाट किंवा केवळ दुर्मिळपणा यांकरिता परदेशांतून आणून मुंबई बेटावरील उद्यानांत वाढविण्यात आलेल्या वनस्पती. समुद्राने वेढलेल्या, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या थेट माऱ्यात सापडणाऱ्या आणि वर्षातील चार महिने अतिवृष्टीचे व आठ महिने जवळजवळ कोरडे असणाऱ्या या बेटावर अपरिचित वनस्पती रुजविण्याचे प्रयत्न सोळाव्या शतकापासून चालत आले आहेत. त्यांना संघटित स्वरूप १८३० नंतर प्राप्त झाले. कोणती वनस्पती आणावयाची, हे उद्यानपालांच्या हौसेने व संस्थांच्या पत्रव्यवहाराने ठरत असले, तरी कोणती टिकावयाची, याचा निर्णय मात्र वारा, खारे पाणी व निचरा या तीन गोष्टींनीच केला. या दृष्टीने मुंबईतील उद्यानांचा इतिहास हा मुख्यतः आसऱ्याचा इतिहास आहे.

नैसर्गिक परिस्थिती : मुंबई हे मुळात सात लहान बेटांचा समूह होते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत बांध घालून व भराव टाकून ती एकमेकांस जोडण्यात आली. त्यामुळे येथील जमिनीचे दोन ठळक प्रकार पडतात. मलबार हिल, खंबाला हिल, माझगाव, शिवडी इ. उंचवट्यांवर कातळावरील उथळ व पाण्याचा झपाट्याने निचरा होणारी माती आहे. याउलट मधल्या सखल भागातील व किनाऱ्यालगतची जमीन भरावाची असून ती अनेक ठिकाणी क्षारयुक्त आहे. सखल भागात भूजलाची पातळी वर असल्याने पावसाळ्यात मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे तेच पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि मातीच्या पृष्ठभागावर मिठाचा थर ठेवून जाते.

बेटावर वर्षाकाठी दोन हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात वारे पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहतात आणि समुद्राचे तुषार किनाऱ्यालगतच्या झाडांवर आणून टाकतात. क्षारामुळे पानांच्या कडा करपतात, वाऱ्याकडील बाजूच्या कळ्या मरतात आणि झाडाचा माथा जमिनीकडे झुकल्यासारखा एका बाजूला वाढतो. मुसळधार पाऊस काही प्रमाणात हा क्षार धुऊन काढतो. त्यामुळे पावसाची उघडीप असताना सुटलेला जोराचा वारा कोवळ्या पालवीस पावसातील वाऱ्यापेक्षा अधिक बाधक ठरतो. तपमानात मात्र वर्षभर फारसा चढउतार नसतो व कडाक्याची थंडी पडत नाही. उष्ण कटिबंधातील बेटांवरच्या व सदाहरित अरण्यांतील वनस्पतींना ही गोष्ट मानवते. ज्यांना फुलण्यासाठी थंड व कोरड्या ऋतूची आवश्यकता असते, त्यांना ती मानवत नाही.

आरंभ : संघटित उद्याने निर्माण होण्यापूर्वीही काही विदेशी वृक्ष या किनाऱ्यावर आलेले होते. आफ्रिकेतील गोरखचिंच (ॲडॅन्सोनिया डिजिटॅटा) हा त्यांपैकी सर्वांत लक्षवेधी होय. अरबी समुद्रावरील जुन्या व्यापाराबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर आला, असे मानले जाते. त्याचे बुटके व अवाढव्य घेराचे खोड वाऱ्यास दाद देत नाही. खोडात पाणी साठत असल्याने दीर्घकाळ पाऊस नसला, तरी तो जगतो. पावसाळ्याच्या आगेमागे त्याला पालवी व मोठी पांढरी फुले येतात. वारा व दुष्काळ या दोन्ही आपत्ती सोसू शकणारे असे वृक्ष थोडेच आहेत.

पोर्तुगीज अंमलात अमेरिका खंडातील अनेक वनस्पती कोकण व गोवा येथे पोहोचल्या. काजू, पपई, अननस यांसारख्या उपयुक्त वनस्पतींबरोबरच खुरचाफा, गुलबक्षी, झेंडू व निशिगंध ही फुलझाडेही मूळची अमेरिकेतील असून आज ती इतकी रुळली आहेत, की त्यांचे परकेपण कोणाच्या लक्षात येत नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यास १५५४ च्या सुमारास मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळाले होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात त्याने मुंबईतील आपल्या मालकीच्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचा उल्लेख केला आहे. बेटावरील वैशिष्ट्यपूर्ण झाडाची निरीक्षणपूर्वक केलेली ही जुनी नोंद होय.

शिवडीचे उद्यान : १८३० मध्ये मुंबईत ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था स्थापन झाली व तिने शिवडी येथे उद्यान केले. शेतीस उपयुक्त अशा नव्या पिकांचा प्रसार हा संस्थेचा एक हेतू असला, तरी शोभेच्या वनस्पतींनाही तिच्या उद्यानात स्थान होते. शिवडी हे बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. पावसाळी वारा पश्चिमेकडील टेकड्या व वस्ती ओलांडून येथे येत असल्याने त्याचा जोर उघड्या पश्चिम किनाऱ्याच्या मानाने कमी असतो. जागेच्या निवडीमागे हा विचार होता किंवा नव्हता, तरी नाजूक वनस्पतींना या आडोशाचा लाभ झाला.

या उद्यानाचा अधीक्षक जॉन ग्रॅहॅम याने मुंबई व तिच्या परिसरातील वनस्पतींची सूची तयार केली. ती १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तथापि छपाई चालू असतानाच ग्रॅहॅमचे निधन झाले व उरलेले काम जोसेफ निमो याने पुरे केले. या सूचीत रानटी वनस्पतींबरोबर बागांत लावलेल्या विदेशी वनस्पतींचीही नोंद असल्याने त्या काळी बेटावर काय रुजले होते, हे कळण्यास ती महत्त्वाचे साधन ठरते. १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅल्झेल व गिब्सन यांच्या बाँबे फ्लोरा या ग्रंथातही बाहेरून आणलेल्या व लागवडीतील वनस्पतींना स्वतंत्र पुरवणी देण्यात आली. त्यांपैकी अलेक्झांडर गिब्सन हा पुण्याजवळील दापोडी येथील सरकारी उद्यानाचा अधीक्षक होता. घाटावरील कोरड्या हवेतील दापोडी व दमट हवेतील शिवडी या दोन उद्यानांमुळे परस्परविरुद्ध हवामानांतील अनुभव पश्चिम भारतात एकाच काळात गोळा होऊ लागला.

याच सुमारास वनस्पतींच्या वाहतुकीत महत्त्वाची सुधारणा झाली. तोपर्यंत जहाजाच्या उघड्या डेकवर ठेवलेली बहुतेक रोपे खारे तुषार व गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे वाटेतच मरत. नथॅन्येल वॉर्ड या इंग्रज डॉक्टरास १८२९ मध्ये असे आढळून आले, की बंद काचपात्रातील ओलावा बाहेर न जाता पुन्हा मातीत मुरतो व रोप बराच काळ पाण्यावाचून जगते. या तत्त्वावर तयार केलेल्या काचेच्या पेट्यांतून १८३३ मध्ये रोपे ऑस्ट्रेलियास सुखरूप पोहोचली. त्यानंतर अशा पेट्यांचा प्रसार झपाट्याने होऊन दूरच्या प्रदेशांतील जिवंत रोपे पाठविणे शक्य झाले. समुद्रापासून रोपाचे संरक्षण करणाऱ्या या पेटीतून बाहेर काढल्यावर ते रोप मुंबईत पुन्हा समुद्रवाऱ्याच्याच सान्निध्यात लावावयाचे होते, हे येथील उद्यानपालापुढील खरे आव्हान होते.

राणीचा बाग : १८६१ मध्ये माझगाव–भायखळा भागात नव्या उद्यानाचे काम सुरू झाले आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ते खुले करण्यात आले. व्हिक्टोरिया गार्डन्स असे त्याचे नाव असले, तरी लोकांनी त्यास राणीचा बाग म्हटले व तेच नाव रूढ झाले. पुढे त्यास वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नाव देण्यात आले. आरंभी त्याचे क्षेत्र सु. १३ हेक्टर (३३ एकर) होते. उद्यानाच्या आवारातील संग्रहालयासाठी निधी जमविण्यात जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पुढाकार घेतला. हे संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले व १९७५ पासून ते भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. शिवडीची जुनी जागा १८६५ मध्ये ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेण्यात आली. सोसायटीची आर्थिक स्थिती खालावल्यावर १८७३ मध्ये उद्यान नगरपालिकेकडे आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उद्यानाचा विस्तार करून तेथे प्राणिसंग्रहालय करण्यात आले.

भायखळ्याची जमीन शिवडीच्या मानाने सखल आहे, परंतु ती बेटाच्या आतल्या भागात असल्याने क्षारयुक्त तुषारांपासून बचावलेली आहे. प्रथम जलद वाढणारे वृक्ष व दाट झाडी आणि मग त्यांच्या छायेत दुर्मिळ वनस्पती, असा क्रम अशा उद्यानांत असतो. वृक्ष मोठे झाल्यावर ते एकमेकांचा वारा अडवितात, पाचोळ्याने माती सुधारते व जमिनीलगतची हवा दमट राहते. म्हणूनच येथील जुने दुर्मिळ वृक्ष हे सुटे नमुने नसून शतकाहून अधिक काळ जमत आलेल्या एका आसऱ्याचे घटक आहेत. भोवतीची झाडी तोडून एखादा वृक्ष राखला, तर तो राखल्यासारखा होत नाही.

लागवडीचे तंत्र : वारा पूर्णपणे अडविणारी भिंत बागेस हितकारक नसते; भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे निर्माण करतो. वारा गाळून त्याचा वेग कमी करणारी झाडांची रांग अधिक उपयोगी पडते. अशा रांगेच्या पलीकडे तिच्या उंचीच्या अनेक पट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. किनाऱ्यावर या कामी उंडी, भेंड, करंज यांसारखे क्षार सोसणारे देशी वृक्ष, तसेच खडशेरणी किंवा सुरू (कॅझुरिना एक्विसेटिफोलिया) हा विदेशी वृक्ष लावतात. तत्कालीन मुंबई इलाख्यातील कारवारच्या किनाऱ्यावर सुरूची लागवड १८६८ मध्ये झाली. सुरूच्या बारीक, सुईसारख्या फांद्यांतून वारा चाळला जातो व क्षाराने त्याची फारशी हानी होत नाही.

आसऱ्याचे हे तत्त्व केवळ सागरकिनाऱ्यापुरते नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद (बुलढाणा जिल्हा) परिसरातील पानमळ्यांतही तेच दिसून येते. समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या या भागात भीती असते ती उन्हाळ्यातील कोरड्या, तापलेल्या वाऱ्याची. शेवरी, पांगारा, शेवगा यांसारख्या झाडांच्या दाट ओळींवर नागवेली चढवून व मळ्याभोवती आडोसा करून पानमळेवाले आत सावलीचे व दमट असे वेगळेच हवामान निर्माण करतात. मुंबईच्या माळ्याने खाऱ्या वाऱ्याविरुद्ध जे केले, तेच वऱ्हाडातील पानमळेवाल्याने उष्ण वाऱ्याविरुद्ध केले आहे.

सखल जमिनीत निचऱ्यासाठी वाफे उंच करतात, त्यांच्या तळाशी विटांचे तुकडे व खडी घालतात आणि मातीत रेती व पाचोळ्याचे खत मिसळतात. कुंडीच्या तळाशी खापऱ्या घालण्याचा हेतूही तोच असतो. काटक वृक्षांची रोपे पहिल्या पावसानंतर लावतात. नाजूक रोपे मात्र पावसाचा जोर ओसरल्यावर लावली, तर हिवाळ्यात त्यांची मुळे पसरण्यास अवसर मिळतो. लहान वृक्षास एकाच काठीस करकचून बांधण्याऐवजी दोन किंवा तीन काठ्यांच्या मध्ये सैल बांधतात. थोडे हलत राहिल्याने त्याचे खोड व मुळे बळकट होतात. मे महिन्यात माथ्यावरील दाट फांद्या विरळ केल्या, तर वारा आरपार जातो व झाड उन्मळण्याचा धोका कमी होतो. नेचे, अळूवर्गीय वनस्पती, आमरे इत्यादींसाठी लाकडी पट्ट्यांचे किंवा जाळीचे छायागृह पुरेसे होते. थंड देशांतील काचगृहाची येथे गरज नसते.

उंच व उघड्या जागी वेगळा मार्ग अनुसरावा लागतो. मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यान जलाशयाच्या छतावर असल्याने तेथे मातीचा थर उथळ आहे. तेथे मोठ्या वृक्षांऐवजी कातरून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपे, कुंपणे व हंगामी फुले यांवर भर आहे. नियमित कातरणीमुळे झुडूप ठेंगणे व घट्ट राहून वाऱ्यास तोंड देते.

निवडक वनस्पती : मुंबईत आणलेल्या विदेशी वनस्पतींपैकी उर्वशी (ॲम्हर्स्टिया नोबिलिस) ही सौंदर्य व दुर्मिळपणा या दोन्ही दृष्टींनी अग्रगण्य होय. मूळच्या ब्रह्मदेशातील या वृक्षाचे वर्णन नथॅन्येल वॉलिक याने केले. लोंबत्या मंजऱ्यांवर येणारी तिची तांबडी-पिवळी फुले प्रसिद्ध आहेत. तिला दमट हवा, खोल माती व वाऱ्यापासून आडोसा लागतो. बी क्वचितच धरत असल्याने तिची अभिवृद्धी दाब कलमाने किंवा गुटी कलमाने करतात. त्यामुळे एक जुना वृक्ष गेला, तर त्याची जागा भरून निघण्यास दीर्घकाळ लागतो. दक्षिण अमेरिकेतील ब्राउनियाची तांबडी फुलेही पानांच्या आड गुच्छांनी येतात व आडोशाच्या जागीच चांगली राहतात. कैलासपती (कुरुपिटा गियानेन्सिस) हा दक्षिण अमेरिकेतील वृक्ष येथे अधिक सहजपणे रुळला. त्याची सुवासिक फुले व तोफगोळ्यांसारखी फळे थेट खोडावर येतात. फुलातील केसरांच्या रचनेत शिवलिंगावरील नागफणीचा भास झाल्याने त्यास देवळांच्या आवारांतही स्थान मिळाले.

बेटांवरून आलेल्या काही वनस्पती वाऱ्याशी स्वतःच्या पद्धतीने जुळवून घेतात. मादागास्करमधील राव्हेनालाची केळीसारखी पाने वाऱ्याने शिरांमधून फाटतात. शोभा कमी झाली, तरी त्यायोगे वाऱ्याचा दाब हलका होऊन झाड उभे राहते. रॉयल पाम (रॉयस्टोनिया रीजिया) प्रचंड वाऱ्यात पाने टाकून देतो व खोड वाचवितो. न्यू कॅलिडोनियातील कुक पाइनचा (ॲरॉकेरिया कॉलम्नॅरिस) माथा अरुंद असल्याने वाऱ्यास अडण्याजोगा पृष्ठभाग कमी असतो. पॅसिफिक महासागरातील बेटांकडून आलेल्या क्रोटनास मुंबईची दमट हवा मानवते, परंतु वाऱ्याच्या तडाख्यात त्याची रंगीत पाने गळतात. बोगनवेल वारा सोसते. मात्र पावसाळ्यात ती केवळ पालवते आणि पाणी कमी पडू लागल्यावरच बहरते.

गुलमोहराची (डेलोनिक्स रेजिया) कथा याहून निराळी आहे. मूळच्या मादागास्करमधील हा वृक्ष मुंबईत शिवडी येथे १८४० च्या सुमारास आढळल्याचा उल्लेख मिळतो. तेथून तो रस्तोरस्ती पसरला व मे महिन्याचे प्रतीकच बनला. परंतु त्याचे लाकूड ठिसूळ व मुळे उथळ असल्याने बहर ओसरतो न ओसरतो, तोच पावसाळी वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडू लागतात. पुणे किंवा बंगळूर येथे जांभळ्या फुलांनी डवरणारा जकरंडा मुंबईत तसा फुलत नाही. उलट मध्य अमेरिकेतील टॅबेबुया रोझिया या वृक्षाने साष्टी बेटावरील विक्रोळीनजीकच्या द्रुतगती मार्गालगत चांगला जम बसविला आहे. विदेशी वृक्षांचा अभ्यास करणाऱ्यांत डब्ल्यू. एस. मिलर्ड व जेझुइट वनस्पतिवैज्ञानिक ई. ब्लॅटर यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांचा भारतातील सुंदर वृक्षांवरील सचित्र ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी तो बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून क्रमशः आला होता.

हानी व संरक्षण : मोसमी वाऱ्यांचा काळ ठाऊक असतो, चक्रीवादळ मात्र अवेळी येते. नोव्हेंबर १८५४ व नोव्हेंबर १९४८ या दोन्ही वेळी मुंबईस चक्रीवादळाचा तडाखा बसला. १७ मे २०२१ रोजी किनाऱ्याजवळून गेलेल्या ‘तौक्ते’ चक्रीवादळात शहरातील दोन हजारांहून अधिक झाडे पडली व त्यांत विदेशी झाडांचे प्रमाण मोठे होते. यावरून विदेशी वृक्ष मुळातच दुबळे असतात, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. रस्त्याकडेच्या वृक्षाच्या बुंध्याशी काँक्रीट किंवा फरशा बसविल्या जातात, नळ व तारांसाठी एका बाजूची मुळे तोडली जातात आणि तारांना अडथळा होतो म्हणून माथा एकांगी छाटला जातो. अशा झाडास तोल राखणे अवघड होते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शहरातील अनेक पर्जन्यवृक्ष (सॅमानिया समान) पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने वाळले. त्या वेळीही मुळांभोवतीच्या काँक्रीटमुळे ते आधीच दुर्बल झाले असल्याकडे लक्ष वेधण्यात आले.

२००७ नंतर राणीच्या बागेतील प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराची योजना पुढे आली, तेव्हा उद्यानाचे मूळ वनस्पतिशास्त्रीय स्वरूप बाधित होईल, अशी हरकत नागरिक व वनस्पतितज्ज्ञ यांनी घेतली. प्राण्यांच्या आवारांसाठी जागा किती व वृक्षांसाठी किती, एवढाच हा वाद नव्हता. उर्वशीसारखा वृक्ष खणून दुसरीकडे नेता येत नाही आणि ज्या झाडीच्या आडोशाने तो वाढला, ती झाडीही नव्याने चार-दोन वर्षांत उभी करता येत नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. या चळवळीमुळे उद्यानातील वृक्षांची ओळख व मोजदाद यांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

समुद्रकिनारी नवी उद्याने करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. कुलाबा येथे मुंबई बंदराच्या प्रशासनाने उभारलेले सागर उपवन हे त्यांपैकी एक होय. खाडीच्या काठी, घातलेल्या मातीवरही योग्य निवड व सातत्यपूर्ण निगा यांच्या बळावर विविध वनस्पती वाढविता येतात, हे त्यावरून दिसते. किनाऱ्यावरील बाहेरच्या फळीत क्षार सोसणारे देशी वृक्ष, त्यांच्या आत काटक विदेशी वृक्ष आणि सर्वांत आत नाजूक व दुर्मिळ वनस्पती, ही रचना आजही सर्वांत भरवशाची आहे. बेटावर आलेल्या परक्या वनस्पतींपैकी ज्या टिकल्या, त्यांतील बहुतेकींना प्रथम येथील उंडी-करंजांनी किंवा आधी रुजलेल्या दुसऱ्या परक्या वृक्षांनी आडोसा दिला. हा आडोसा राखणे, हेच या उद्यानांच्या संरक्षणाचे पहिले काम ठरते.